काही न घडल्याचं बक्षीस

चौतीस वर्षं मी प्राथमिक शाळेत शिकवलं आणि तेवढ्या काळात शेकडो बक्षिसं वाटली. धावण्याबद्दल वाटली, पाठांतराबद्दल वाटली, एका वर्षी तर सर्वांत कमी शाई सांडल्याबद्दलही एक पेन्सिल दिली. पण काहीच न घडल्याबद्दल बक्षीस देता येतं, हे मला कधी सुचलं नाही. ते विमा कंपनीला सुचलं. त्या कल्पनेला मी दहापैकी नऊ गुण देतो. दहा मी कोणालाच देत नाही, ही माझी जुनी खोड आहे.

ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांच्यासाठी आधी नीट समजावून सांगतो. आपण गाडीचा विमा उतरवतो. वर्षभरात गाडीला काही झालं तर कंपनीकडे नुकसानभरपाई मागायची, म्हणजे दावा करायचा. वर्षभर दावा केला नाही, तर पुढच्या वर्षी गाडीच्या नुकसानीसाठी जो हप्ता भरतो त्यात वीस टक्के सूट. दुसरं वर्षही शांततेत गेलं तर पंचवीस. मग पस्तीस, मग पंचेचाळीस आणि पाचव्या वर्षानंतर पन्नास. ही शिडी. आणि एकदा दावा केला की थेट शून्यावर. हा साप. शिडी चढायला पाच वर्षं लागतात, घसरायला एक सही पुरते.

हे मी आमच्या इमारतीतल्या मुलांना सापशिडीच्या पटावर शिकवलं. संध्याकाळी पाच वाजता सात मुलं आमच्या जेवणाच्या टेबलाभोवती बसतात. शेकडेवारीचा धडा पुस्तकातून तीन दिवस चालतो, तो मी या शिडीवर चाळीस मिनिटांत संपवला.

आमच्या गाडीला सलग अकरा वर्षं दावा नव्हता. दरवर्षी कंपनीचं पत्र यायचं आणि शिडी चढून झाल्यापासून त्यात एकच मजकूर असायचा: "मागील वर्षात आपण कोणताही दावा केलेला नाही. आपणास पन्नास टक्के सूट देताना आम्हांस आनंद होत आहे." खाली सही आणि शिक्का. हे पत्र मी चौकट करून दिवाणखान्यात लावत असे आणि दर वर्षी नवं आलं की जुनं काढून फाइलला लावत असे. आलेल्या पाहुण्यांनी आपणहून वाचलं नाही तर मी त्यांना पाण्याचा पेला अशा जागी देत असे, की मान वर करताच पत्र दिसावं.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. विमा माझ्या नावावर असला तरी गाडी चालवायची बायको. ती इस्पितळात ऑपरेशन थिएटरमधली नर्स. पहाटेची पाळी असो की दुपारची, भर गर्दीतून गाडी अशी काढायची की सुईत दोरा ओवावा. माझ्याकडे फक्त रविवार. रविवारी सकाळी मी गाडी नळापाशी नेऊन धुवायचो आणि परत जागेवर लावायचो. जाताना बारा मीटर, येताना बारा मीटर. येताना मागे घ्यायची असल्यामुळे मी फार जपून घ्यायचो. आमच्या जागेच्या टोकाला जमिनीवर एक ठोकळा आहे. त्याला मागचं चाक टेकलं, हलकासा 'टुक' असा धक्का जाणवला, की ब्रेक. अकरा वर्षांत एका रविवारी हा 'टुक' चुकला नाही. अचूकपणा म्हणजे काय, हे मुलांना सांगताना मी याचंच उदाहरण देत असे.

त्या महिन्याच्या शेवटी बायको निवृत्त होणार होती. तिला तिच्या नावावर नवी गाडी घेऊन द्यायची, असं मी ठरवलं. मुलांनाही सांगून टाकलं, फक्त 'काकूंना बोलायचं नाही' ही शपथ घालून. मुलांनी शुभेच्छापत्र रंगवायला घेतलं. त्यात गाडीला पाच चाकं होती, कारण दोन जणांनी वेगवेगळ्या बाजूंनी सुरुवात केली होती.

शोरूममध्ये एका चुणचुणीत मुलीने फॉर्म भरायला घेतला. मालकाच्या नावापुढे मी बायकोचं नाव सांगितलं आणि ऐटीत म्हणालो, "विम्यात पन्नास टक्के सूट धरा. आमचं अकरा वर्षं काही नाही."

तिने जुनी पॉलिसी पाहिली. "काका, ही तर तुमच्या नावावर आहे."

"हो. पण गाडी तीच चालवते."

"मग काकूंना सूट नाही मिळणार. त्यांचं शून्यापासून."

"अहो, पण एकही दावा नाही तो तिच्यामुळे."

"असेल काका. पण सूट मालकाची असते. चालवणाऱ्याची नाही, गाडीचीही नाही. तुम्ही नवी गाडी स्वतःच्या नावावर घ्या, आत्ता पन्नास टक्के धरते."

तिने अगदी गोड शब्दांत सांगितलं, पण तरी मला कोणीतरी वर्गाबाहेर उभं केल्यासारखं वाटलं.

आमच्या मजल्यावर एक शेजारी राहतात. त्यांना सगळे 'अनुभवी' म्हणतात, कारण त्यांचं प्रत्येक वाक्य 'मला अनुभव आहे' इथून निघतं. त्यांनी आयुष्यात गाडी घेतलेली नाही. ते म्हणाले, "मला अनुभव आहे. गाडी स्वतःच्याच नावावर घ्या. वहिनींना किल्ली द्या आणि किल्लीला मोठी फीत बांधा. बायकांना फीत दिसते, कागद कोण बघतो?"

"आमची ऑपरेशनच्या आधी चिमटे मोजते आणि नंतरही मोजते," मी म्हणालो. "ती कागद बघेल."

"मग तुम्ही सूट सोडा."

सोडलीही असती. पण त्या संध्याकाळी मुलांसमोर मी ही अडचण गणितासारखी मांडली आणि फसलो. आमच्यात एक नऊ वर्षांची मुलगी आहे, तिला मी 'शंका' म्हणतो. ती हात वर करत नाही, नुसती भुवई वर करते.

"सर, गाडी कोण चालवायचं?"

"काकू."

"ठोकली नाही ती कोणी?"

"काकूंनी."

"मग बक्षीस तुम्हाला का?"

चौतीस वर्षांत मुलांनी मला पुष्कळ प्रश्न विचारले. चंद्र का पडत नाही, हेही विचारलं. त्याचं उत्तर मला येत होतं. याचं येईना. पत्र तिथेच भिंतीवर होतं, त्यावर माझं नाव होतं आणि सात मुलं आळीपाळीने त्याच्याकडे आणि माझ्याकडे पाहत होती. दुसऱ्याचा निबंध आपल्या नावाने छापून यावा, तसं मला झालं. मी म्हणालो, "उद्या चौकशी करून सांगतो."

दुसऱ्या दिवशी विमा कंपनीच्या कचेरीत गेलो. पहिल्या खिडकीवरच्या गृहस्थांनी तिसरीकडे पाठवलं. तिसरीवर चहाचा कप होता, माणूस नव्हता. मी अर्धा तास कपाशेजारी उभा राहिलो. मागून दोघे जण येऊन मलाच विचारून गेले. त्यातल्या एकाचा फॉर्म मी भरूनही दिला. त्याने जन्मतारखेच्या रकान्यात आजची तारीख घातली होती, ते मला बघवेना. शेवटी चौथ्या खिडकीवरच्या बाईंनी हाक मारली. "सर, तुम्ही आमच्याकडे कामाला नाही ना? मग इकडे बसा."

या बाईंना मी आठ गुण लगेच दिले, कारण त्यांनी माझं सगळं मधे न तोडता ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "सर, ही सूट म्हणजे गाडीच्या टपावरचं सामान नाही. मालकाच्या खिशातला रुमाल आहे. गाडी विका, बदला, रुमाल तुमच्या खिशात राहतो."

"मग तो मी हिला देतो."

"वापरलेला रुमाल कोणी देतं का कोणाला?"

"नवरा-बायकोतसुद्धा?"

"नवरा-बायकोतसुद्धा." त्या थोड्या घुटमळल्या. "म्हणजे तसा एक मार्ग आहे. पण तो तुम्हाला सोयीचा नाही."

"मी लांबून आलोय. गैरसोय चालेल."

त्यांनी खणातून एक फॉर्म काढून माझ्यापुढे सरकवला. मथळा होता: 'मालकाच्या मृत्यूनंतर सवलत जोडीदाराच्या नावे वर्ग करण्याचा अर्ज'.

मी तो दोनदा वाचला. "याला मृत्यूचा दाखला जोडावा लागेल."

"हो."

"तो आणणं मला जरा अवघड आहे."

"तुम्ही नाही आणायचा, सर. अर्जदार काकू असतील. तो त्या आणतील." आणि चेहरा जराही न हलवता त्यांनी विचारलं, "चहा घेणार?"

मी त्यांचा अर्धा गुण वाढवला. निघताना त्या म्हणाल्या, "जुनी गाडी विकली की आमच्याकडून दावा नसल्याचं प्रमाणपत्र घ्या. तीन वर्षं चालतं. आणि सर, कोण कसं चालवतं हे आम्ही बघतच नाही. दावा आला की नाही, एवढंच बघतो." हे शेवटचं वाक्य मी ऐकलं, पण लक्षात घेतलं नाही. वर्गातल्या बाकावर बसलेला माणूस असाच असतो.

तो फॉर्म मी घरी आणला. खरं म्हणजे टाकून द्यायला हवा होता. पण कोरा फॉर्म समोर असताना मला स्वस्थ बसवत नाही. दुपारी एकटाच होतो. पेन हातात होतं. मालकाचं नाव, पत्ता, पॉलिसी क्रमांक, जोडीदाराचं नाव, सगळं वळणदार अक्षरात भरलं. 'मृत्यूची तारीख' हा रकाना मात्र सोडला. माहिती नसताना उत्तर लिहू नये, असं मी मुलांना नेहमी सांगतो. फॉर्म पिशवीत ठेवला आणि विसरलो.

जुनी गाडी शोरूमलाच विकायची होती. त्यासाठी त्यांच्या माणसाने ती तपासायची होती. बायकोला सुट्टी होती त्या दिवशी मी 'टायरमध्ये हवा भरून आणतो' म्हणून गाडी काढली. इमारतीच्या कोपऱ्यावर एक डेंटिंग-पेंटिंगवाला आहे. मी दिसलो की तो हातातलं काम सोडून छातीवर हात ठेवतो आणि हसतो. शिक्षकांबद्दल असा आदर आता कमी दिसतो, म्हणून मीही त्याला नेहमी मान लववतो. त्या दिवशी त्याने जरा जास्तच वेळ हात ठेवला.

शोरूमच्या तपासनिसाकडे एक छोटं यंत्र होतं. ते तो पत्र्यावर जागोजागी टेकवत होता. समोर, बाजूला, दरवाज्यांवर. मागे गेला आणि तिथेच थांबला. मग खाली बसला. मग आणखी एकाला बोलावलं.

"काका, मागून बरंच काम झालंय."

"शक्य नाही. या गाडीला अकरा वर्षांत ओरखडा नाही."

"बंपर दोनदा बदललाय. डिकीला तीनदा तरी पुट्टी भरून रंग मारलाय. डावा दिवा या गाडीबरोबर आलेलाच नाही."

"माझ्याकडे कंपनीचं पत्र आहे," मी म्हणालो.

"पत्राला ओरखडा नसेल, काका. गाडीला आहे." मग तो डिकीवरून हात फिरवत जोडीदाराला म्हणाला, "पण काम बघ काय केलंय. यंत्र नसतं तर आपल्यालाही कळलं नसतं."

अकरा वर्षं मी जी गाडी दर रविवारी हाताने धुतली, तिची पाठ मला ओळखता आली नव्हती. परत येताना एकच विचार मनात होता: म्हणजे बायको ठोकते. सुईत दोरा ओवणारी माझी बायको कुठेतरी ठोकते, गुपचूप दुरुस्त करते आणि मला सांगत नाही. मी तिला माफ करून टाकायचं ठरवलं. कोपऱ्यापासून घरापर्यंत माफीची तीन वाक्यंही जुळवली.

घरी आलो तर ती टेबलाशी बसली होती. समोर माझी पिशवी आणि तो फॉर्म.

"भाजीच्या पावतीसाठी पिशवी उघडली," ती म्हणाली. ऑपरेशनच्या वेळी डॉक्टरांशी बोलते, त्याच आवाजात. "बाकी सगळं भरलंय. तारीख तेवढी रिकामी आहे. भरायची राहिली, की ठरायची आहे?"

माझी तिन्ही वाक्यं मी पुढे ढकलली.

"सांगतो."

"आधी जीभ दाखवा. मग नाडी बघते. कोणत्या डॉक्टरांकडे गेला होतात माझ्याशिवाय?"

मग सगळं सांगावं लागलं. गाडी, तिचं नाव, शंकाची भुवई, खिशातला रुमाल. ती ऐकत होती आणि तिची बोटं माझ्या मनगटावर होती. ती नाडी मोजत होती की नुसता हात धरून होती, ते मला सांगता येणार नाही. सगळं ऐकल्यावर तिने तो फॉर्म चार घड्या करून फाडला.

"माझ्या नावावर गाडी," ती म्हणाली. एवढंच.

मग मी, मन मोठं करून, तपासनिसाचं सांगितलं. "तू कुठेतरी ठोकत असशील तर मला राग नाही. होतं माणसाकडून."

ती उठली. "चला खाली."

खाली आमच्या जागेवर ती मला घेऊन गेली. "गाडी मागे घेताना तुम्ही कशावर थांबता?"

"ठोकळ्यावर."

"दाखवा ठोकळा."

मी वाकलो. गुडघ्यावर बसलो. चष्मा पुसला. जमीन सपाट होती. मागे इमारतीचा खांब होता आणि त्यावर बंपरच्या उंचीला चंदेरी रंगाचे पट्टे होते. या खांबाला कोण निष्काळजी माणूस गाडी घासतो, याची चौकशी व्हावी म्हणून मी इमारतीच्या समितीला तीन पत्रं लिहिली होती. तिसऱ्यात 'समाजविघातक' असा शब्द होता.

"मग मला दर रविवारी टेकतं ते काय?"

"खांब."

मी बसूनच राहिलो. उठायला कारण सुचेना.

"बहुतेक वेळा बंपर सोसायचा," ती म्हणाली. "पाच-सहा वेळा नाही सोसला. तुम्ही आधी धुता आणि मग मागे घेता, म्हणून तुम्हाला दिसायचं नाही. सोमवारी मी कोपऱ्यावर द्यायचे. पुढच्या रविवारच्या आत झालं पाहिजे, एवढं त्याला सांगून ठेवलं होतं. त्याने कधी उशीर केला नाही."

मला तो छातीवर ठेवलेला हात आठवला. दोन बंपर, एक दिवा आणि तीन वेळचा रंग. इतकी वर्षं मी ज्याला आदर समजत होतो, तो एका चांगल्या गिऱ्हाइकाला केलेला नमस्कार होता. पण यंत्रालाही जेमतेम सापडलेलं ते काम रविवारच्या आत पुरं करणाऱ्या त्या माणसाला मी तिथेच, जमिनीवर बसल्या बसल्या, नऊ गुण दिले.

"मग दावा का नाही केलास? विमा कशाला असतो?"

"हिशेब केला. दिव्याचे पैसे मागितले असते तर पन्नास टक्क्यांवरून शून्यावर आलो असतो. दिवा स्वस्त होता. तुमचीच शिडी आहे ना ती?"

"आणि मला का नाही सांगितलंस?"

ती माझ्याशेजारी येऊन गाडीला टेकून उभी राहिली. "पहिल्यांदा झालं तेव्हा तुम्ही नुकते निवृत्त झाला होतात. शाळेने निरोपाचं पत्र दिलं, त्यात 'संगीत विषयातील सेवेबद्दल' असं लिहिलं होतं. आठवतं?"

आठवत होतं. मला सा आणि रे यांतला फरक कळत नाही.

"ते तुम्ही कपाटात ठेवलंत, काही बोलला नाहीत. त्याच आठवड्यात हे विम्याचं पत्र आलं. तुम्ही ते मुलांना उभं राहून वाचून दाखवलंत. मग मी कशाला सांगू?"

शेजारी कोणीतरी सायकल लावून गेलं. मी म्हणालो, "म्हणजे ते पत्र खोटं."

"खोटं कसं? 'दावा केलेला नाही' असं लिहिलंय. 'धडकलेले नाहीत' असं कुठे लिहिलंय? वाचायला तुम्हीच शिकवता ना मुलांना?"

मी उभा राहिलो. चौथ्या खिडकीवरच्या बाईंनी हेच सांगितलं होतं आणि मला ते समजलं नव्हतं. हिने एका खांबाच्या मदतीने समजावलं. "दहा," मी म्हणालो.

"काय दहा?"

"दहापैकी."

"मग एक अट लिहून घ्या. नवी गाडी तुम्ही फक्त धुवायची. मागे मी घेणार. शून्यापासून तर शून्यापासून, पण त्यात 'टुक' नको."

गाडी तिच्या नावावर आली. मुलांनी पाच चाकांचं शुभेच्छापत्र दिलं. तिने पाचवं चाक डिकीतलं जादा चाक आहे असं मानून घेतलं, त्यामुळे रंगवणारे दोघेही खूश झाले. शंकाला मी सगळं खरं सांगितलं, खांबासकट. तिची भुवई पहिल्यांदाच खाली आली. समितीला मी चौथं पत्र लिहिलं, की गुन्हेगार सापडला असून त्याने कबुली दिली आहे. समितीने उत्तरात खांबाच्या रंगाचा डबा माझ्याकडून घेतला आणि 'समाजविघातक' हा शब्द ठळक करून मला परत पाठवला. अनुभवी म्हणाले, "मला अनुभव आहे, खांब वाईटच."

माझं पन्नास टक्क्यांचं प्रमाणपत्र कपाटात संगीताच्या पत्राशेजारी आहे. तीन वर्षांत नवी गाडी माझ्या नावावर घेतली नाही, तर ते आपोआप संपेल. संपू दे.

वर्षभर दर रविवारी मी गाडी धुतली आणि मग खांबाशेजारी उभा राहून हातवारे केले. ती माझ्या हाताकडे न बघता आरशात बघून गाडी लावायची, तरी मी करत राहिलो. परवा पत्र आलं. तिच्या नावाचं. "मागील वर्षात आपण कोणताही दावा केलेला नाही. आपणास वीस टक्के सूट देताना आम्हांस आनंद होत आहे." तिने ते वाचलं आणि पाठकोऱ्या बाजूला वाणसामानाची यादी लिहायला घेतली. मी तिच्या हातातून काढून घेतलं आणि चौकटीत घातलं. मुलांना उभं राहून वाचून दाखवलं.

आज सकाळी खाली गेलो, तर नव्या रंगवलेल्या खांबावर खडूने लिहिलेलं होतं. अक्षर शंकाचं. 'खांब. एक वर्ष झालं, कोणी धडकलं नाही. सूट वीस टक्के.'

समितीला हे दिसलं तर ती पुन्हा पत्र पाठवेल. मी पुसायला फडकं आणलं होतं. ते खिशात घातलं आणि वर आलो.